खुर्ची बदलली, तक्रारीचे काय झाले?

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



ग्राहक दिनाच्या व्यासपीठावरून सहसा वजनमापे, भेसळ, छापील किंमत, बिल्डरने न दिलेला ताबा अशा विषयांवर बोलले जाते. ते आवश्यकच आहे. आज मात्र मी अशा एका वस्तूबद्दल बोलणार आहे, जी पिशवीत घालून घरी आणता येत नाही, तराजूत टाकता येत नाही, आणि तरीही पतसंस्थेच्या खिडकीपासून शाळेच्या कार्यालयापर्यंत आणि तहसील कचेरीपासून आमच्या वृत्तपत्राच्या टेबलापर्यंत ती सर्वत्र आहे. संगणक सुरू केला की जी प्रथम डोळे उघडते ती विंडोज, आणि ती बनवणारी मायक्रोसॉफ्ट कंपनी.

मायक्रोसॉफ्टची सूत्रे आजवर मुख्यतः तीन माणसांच्या हाती राहिली. १९७५ साली पॉल ॲलन यांच्यासह कंपनी स्थापन करणारे बिल गेट्स, जानेवारी २००० मध्ये त्यांच्या जागी आलेले स्टीव्ह बामर, आणि ४ फेब्रुवारी २०१४ रोजी मुख्य कार्यकारी अधिकारी झालेले आपले हैदराबादचे सत्या नाडेला. या तिघांवर पुस्तके लिहिली गेली, व्यवस्थापनाच्या वर्गांतून त्यांचे धडे शिकवले जातात. त्या सगळ्या विवेचनात भागधारक असतो, कर्मचारी असतो, प्रतिस्पर्धी असतो. संगणकासमोर बसून वैतागणारा माणूस मात्र फारसा दिसत नाही. मला आज त्याच्या बाजूने हा इतिहास पाहायचा आहे. खुर्चीवरचा माणूस बदलतो तेव्हा या वैतागलेल्या माणसाची तक्रार कुठवर पोहोचते?

एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे. वाण्याने खराब डाळ दिली तर आपण दुसऱ्या दुकानात जातो. ही सोय येथे नाही. ज्या कार्यालयाचा हिशेब, ज्या छापखान्याची अक्षरजुळणी, ज्या बँकेचे व्यवहार एका प्रणालीवर उभे आहेत, त्याला उद्या सकाळी दुसरीकडे जाता येत नाही. ज्याला दुकान सोडता येत नाही, त्याच्या हाती तक्रार हे एकच साधन उरते. म्हणून तिचे पुढे काय होते, हा प्रश्न महत्त्वाचा.

आता एक गंमत सांगतो. या कंपनीविरुद्धची सर्वांत खमंग तक्रार खुद्द गेट्स यांनीच लिहिली आहे! तारीख १५ जानेवारी २००३. त्या वेळी ते कंपनीचे अध्यक्ष होते. चित्रफिती जोडण्यासाठी कंपनीचाच ‘मूव्ही मेकर’ नावाचा एक कार्यक्रम त्यांना आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचा होता. ते कंपनीच्या संकेतस्थळावर गेले. पहिल्या पाच प्रयत्नांत पानच उघडेना. उघडले तेव्हा हवी ती वस्तू सापडेना. नाव टाकून शोधले, तरी नाही. शेवटी जगातल्या त्या वेळच्या सर्वांत श्रीमंत गृहस्थाने आपल्याच हाताखालच्या माणसाला पत्र पाठवून विचारले, की हा कार्यक्रम आहे तरी कुठे? मग त्यांना दुसऱ्याच वाटेने पाठवण्यात आले, तेथे भलत्याच गोष्टी उतरवून घ्याव्या लागल्या, वर संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याची आज्ञा झाली. तासाभराच्या खटाटोपानंतरही हाती काही लागले नव्हते. हे सारे त्यांनी क्रमाने आणि संतापून लिहिले आणि अधिकाऱ्यांना धाडले. पुढे एका खटल्यात ते पत्र पुरावा म्हणून बाहेर आले आणि २००८ साली सिएटलच्या वृत्तपत्रात छापले गेले. त्याबद्दल विचारले असता, अशी पत्रे मी रोजच लिहितो, ते माझे कामच आहे, अशा आशयाचे उत्तर गेट्स यांनी दिले.

गेट्स यांच्या व्यापारनीतीविषयी माझे मत फारसे चांगले नाही. स्पर्धकांना कोंडीत पकडल्याबद्दल अमेरिकेच्या सरकारने त्यांच्या कंपनीवर १९९८ साली खटला भरला, तो उगाच नव्हे. परंतु स्वतःच्या दुकानातला माल स्वतः वापरून पाहणारा आणि तो वाईट निघाल्यावर गल्ल्यावरच्या माणसाला खडसावणारा मालक, ही जात वेगळी आणि दुर्मीळ आहे. दुसऱ्या बाजूने पाहा. मालकाच्या तक्रारीची ही अवस्था, तर सांगली-साताऱ्याच्या कारकुनाची काय असेल!

बामर यांची कारकीर्द चौदा वर्षांची. पैसा त्यांनी भरपूर मिळवला. कंपनीची वार्षिक उलाढाल सुमारे २३ अब्ज डॉलरवरून ७८ अब्जांच्या आसपास गेली. मोबाइल फोनचे युग त्यांना ओळखता आले नाही, हे सर्वज्ञात आहे. आपला विषय आहे व्हिस्टा. जानेवारी २००७ मध्ये ही प्रणाली सामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली. तत्पूर्वी कित्येक महिने दुकानांतल्या संगणकांवर ‘हा व्हिस्टा चालवण्यास समर्थ आहे’ अशा अर्थाची चिकटपट्टी लावली जात होती. प्रत्यक्षात त्यांतले अनेक संगणक तिची अगदी प्राथमिक आवृत्तीच चालवू शकत होते; ज्या देखण्या पडद्याची जाहिरात झाली, तो त्यांवर उमटतच नव्हता. ग्राहक न्यायालयात गेले. २००८ साली कंपनीतला अंतर्गत पत्रव्यवहार खुला झाला, तेव्हा लोक थक्क झाले. एका उपाध्यक्षाने लिहिले होते, की एकवीसशे डॉलरचा संगणक घेतला आणि त्याचा उपयोग आता फक्त ई-मेल पाहण्यापुरता उरला आहे. कंपनीच्या संचालक मंडळावरच्या एका ज्येष्ठ सदस्याच्या घरची उपकरणे व्हिस्टाशी जुळत नव्हती, आणि त्यांनी दुसऱ्या संगणकावर ती घालण्याचे टाळले. म्हणजे काय, की ग्राहक जे ओरडून सांगत होते, ते आतल्या मंडळींना आधीच ठाऊक होते. तो खटला पुढे सामूहिक स्वरूपात टिकला नाही. पण ती पत्रे राहिली.

मग २६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आली आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातले ‘स्टार्ट’चे बटण नाहीसे झाले. १९९५ पासून सतरा वर्षे बोटांना सवय झालेली ती जागा. आपल्याकडे संगणकवर्गात पहिल्याच दिवशी शिकवली जाणारी ती गोष्ट. कंपनीचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता: लोक संगणक कसा वापरतात याची आम्ही मोजदाद करतो आणि त्या मेनूचा वापर घटत चालला आहे. मोजदाद खरीही असेल. घराच्या मागच्या दाराचाही वापर कमीच असतो, म्हणून कोणी तेथे भिंत बांधत नाही. जगभरातून ओरड झाली. विंडोज विभागाचे प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की महिन्याभरातच कंपनीतून बाहेर पडले. ऑगस्ट २०१३ मध्ये बामर यांनी निवृत्ती जाहीर केली. ऑक्टोबरात ८.१ या आवृत्तीत बटण परत आले, जुना मेनू मात्र २०१५ सालच्या विंडोज १०पर्यंत आलाच नाही.

अशा पार्श्वभूमीवर नाडेला आले. त्या दिवशी आपल्या वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर मोठे मथळे दिले, आमच्याही दिले. अभिमान वाटणे स्वाभाविक होते. सनदी अधिकाऱ्याचा मुलगा, आई संस्कृतच्या प्राध्यापिका, शिक्षण मणिपालला. त्यांनी आपल्या पुस्तकात एक आठवण दिली आहे: वडिलांनी त्यांच्या खोलीत मार्क्सचे चित्र लावले, आईने लक्ष्मीचे, आणि मुलाला हवे होते क्रिकेटपटू जयसिंहांचे! पुढे लक्ष्मीच प्रसन्न झाली, असे म्हणायला हरकत नाही. त्यांनी सूत्रे घेतली तेव्हा कंपनीचे बाजारमूल्य सुमारे ३०० अब्ज डॉलर होते. जानेवारी २०२४ मध्ये ते तीन हजार अब्जांपुढे गेले. कंपनीतले गट एकमेकांचे पाय ओढत, तो रोग त्यांनी कमी केला असे आतले लोक सांगतात. मात्र सहकाऱ्यांना एकमेकांविरुद्ध क्रमांक देण्याची जी कुप्रसिद्ध पद्धत होती, ती बामर यांच्याच काळात, नोव्हेंबर २०१३ मध्ये बंद झाली होती. तिचे श्रेय अनेकदा चुकीच्या खात्यावर जमा केले जाते.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर मात्र हिशेब इतका सरळ येत नाही. विंडोज १० विनामूल्य मिळाली खरी, पण ती घेण्याविषयीची सूचना पडद्यावर वारंवार येऊ लागली. २०१६ च्या मे महिन्यात तर कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून ती सूचना बंद करणे म्हणजेच संमती, असा अर्थ लावला गेला! फुलीचा अर्थ जगभर ‘नको’ असा आहे. कॅलिफोर्नियातल्या एका प्रवास-व्यावसायिक महिलेचा संगणक या आपोआप बदलामुळे कामातून गेला. ती न्यायालयात गेली आणि दहा हजार डॉलर घेऊन आली. त्या वर्षअखेर कंपनीच्या विपणनप्रमुखांनी आपण मर्यादा ओलांडल्याचे मान्य केले.

यापेक्षा गंभीर बदल पडद्यामागे झाला होता. जुलै २०१४ मध्ये कंपनीने अठरा हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. त्यांतल्या बहुसंख्य नोकिया या विकत घेतलेल्या फोन कंपनीतल्या होत्या, पण विंडोजची तपासणी करणारे अनेक परीक्षकही त्यांत गेले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर स्वयंसेवकांची योजना आली: नवी आवृत्ती तुम्ही आधी वापरा, दोष आढळला तर कळवा, दुसऱ्यांनी कळवलेल्या दोषाला आपले मत द्या. लक्षावधी लोक हौसेने पुढे आले. तक्रारपेटीचा आकार अवाढव्य झाला. इतक्या तक्रारी वाचायच्या कोणी? मग ज्या तक्रारीला मते अधिक, ती वर. ज्या तक्रारीला मते थोडी, ती तळाशी.

यातून काय घडले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या विषयाचे मर्म तेथे आहे.

मार्च २०१८ मध्ये विंडोजचे प्रमुख टेरी मायरसन जाणार असल्याचे जाहीर झाले आणि तो विभाग दोन मोठ्या विभागांत वाटून देण्यात आला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला विंडोज १० ची नवी सुधारित आवृत्ती बाहेर पडली. ती बसवल्यावर काही लोकांच्या लक्षात आले, की आपली कागदपत्रे, छायाचित्रे, चित्रफिती जागेवर नाहीत. कचरापेटीतही नाहीत. साफ गेल्या. चार दिवसांच्या आत कंपनीला ती आवृत्ती थांबवावी लागली. कारण काय होते? काही लोक संगणकातली जागा वाचावी म्हणून आपले कागदपत्रांचे कप्पे एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेतात. तसे केल्यावर जुन्या जागी रिकामे कप्पे उरतात, ते दिसायला बरे नाही, अशी तक्रार आधीच्या आवृत्तीत आली होती. कंपनीने ती तत्परतेने ऐकली! जुने कप्पे काढून टाकणारी आज्ञा नव्या आवृत्तीत घातली. पण काहींच्या त्या जुन्या कप्प्यांत अजून फायली होत्या. आज्ञेने कप्पा रिकामा आहे की भरलेला, हे पाहिले नाही. कप्प्यासकट सगळे पुसून टाकले.

आणि मंडळी, याची पूर्वसूचना मिळालेली होती. स्वयंसेवकांपैकी काहींनी आपल्या फायली गेल्याचे आधीच तक्रारपेटीत लिहिले होते. परंतु त्यांच्यासारखी मांडणी थोड्यांचीच असल्याने त्या तक्रारींना मते थोडी पडली आणि त्या तळाशी राहिल्या. कंपनीने नंतर सांगितले, की फायली गमावल्याची तक्रार करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ०.०१ होते. दहा हजारांत एक. आकडा लहान दिसतो. ज्याच्या मुलीच्या लग्नाची छायाचित्रे गेली, किंवा ज्याने तीन वर्षे लिहिलेला प्रबंध गेला, त्याचे मात्र शंभर टक्के गेले.

रिकाम्या कप्प्यांची किरकोळ तक्रार ऐकली गेली, आणि भरलेला कप्पा गेल्याची तक्रार पडून राहिली. तक्रारी मोजल्या गेल्या, तोलल्या गेल्या नाहीत. या प्रकारानंतर कंपनीने तक्रारपेटीत एक रकाना वाढवला: दोष किती गंभीर आहे, हेही तक्रारदाराने सांगावे. नोव्हेंबरच्या मध्यावर दुरुस्त आवृत्ती पुन्हा निघाली. आमच्या आजीच्या पिढीतल्या वैद्याला हा रकाना शिकवावा लागला नसता. दहा जण सर्दीचे आणि एक जण छातीत कळ आलेला दारात उभे असतील, तर आधी कोणाला आत घ्यायचे हे त्याला कळत असे.

आपण मराठी लोक या मोजण्याच्या न्यायाचे जुने बळी आहोत. विंडोजबरोबर येणारा देवनागरीचा ‘मंगल’ हा फाँट रघुनाथ कृष्ण जोशी या आपल्याच थोर अक्षरकाराने घडवला. संगणकाच्या पडद्यावर देवनागरीला मिळालेली ती मोठीच देणगी. पण त्यात ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाने उमटत. मराठीचा पाकळीदार ‘ल’ आणि मराठी वळणाचा ‘श’ आपल्या मुलांना पाटीवर शिकवायचा, आणि शासनाच्या परिपत्रकात मात्र वेगळाच पाहायचा, अशी स्थिती वर्षानुवर्षे होती. ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि लिपी प्रमाणित करणारा निर्णय काढला, त्यात ही दोन्ही अक्षरे मराठी वळणाची आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे आपण ८ कोटी ३० लाख. अनेक युरोपीय देशांची लोकसंख्या याहून कमी आहे. पण मराठीतून टंकन करणारे त्यांतले किती, आणि त्यांतून इंग्रजी तक्रारपेटीत जाऊन ‘आमचा ल चुकतो आहे’ असे लिहिणारे किती? आपला ‘ल’ तळाशी राहिला, याचे आश्चर्य नको. तक्रार न करणे हा आपलाही दोष आहेच.

उलट, जेथे लोक संघटित होते तेथे काय झाले? विंडोज १० ला सुरक्षा-दुरुस्त्या देणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही, कारण तिला सुरक्षेची विशिष्ट चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालता-बोलता संगणक केवळ कागदोपत्री म्हातारा झाला. आणखी एक वर्षाच्या दुरुस्त्या हव्या असतील तर तीस डॉलर द्या, नाहीतर संगणकाची माहिती कंपनीच्या ढगावर ठेवण्यास मान्यता द्या, किंवा कंपनीचे बक्षीस-गुण खर्च करा, असे पर्याय घरगुती ग्राहकांपुढे ठेवले गेले. युरोपातल्या ग्राहक संघटनांच्या महासंघाने तेथल्या कायद्यावर बोट ठेवून आक्षेप घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांसाठी पैशाची आणि माहिती ढगावर ठेवण्याची अट काढून घेण्यात आली. भारतीय ग्राहकाला ती सवलत मिळाली नाही. कंपनी तीच, प्रमुख तेच. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायतीचा पाया घातला, तेव्हा तेलाच्या डब्यासाठी आणि दिवाळीच्या किराण्यासाठी लोक एकत्र आले होते. ते बळ संगणकाच्या बाबतीत आपण अजून वापरलेले नाही.

या अवलंबित्वाचे टोक जुलै २०२५ मध्ये दिसले. गुजरातेत वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर, तिच्यात रशियन भागीदारी असल्याने, युरोपीय संघाने निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या ई-मेलसह सेवा बंद केल्या. निर्बंध भारताचे नव्हते, कंपनी भारतात नोंदलेली, आणि सेवेचे पैसे भरलेले. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्याच महिनाअखेर सेवा पूर्ववत झाल्या. एवढ्या मोठ्या कारखान्याला वकील उभे करता आले. एखाद्या सहकारी दूध संघाचे काय झाले असते? कंपनीचा प्रमुख हैदराबादचा आहे, या गोष्टीचा त्या आठवड्यात नायराला काडीचाही उपयोग नव्हता, आणि तसा तो अपेक्षितही नव्हता. नाडेला हे त्यांच्या भागधारकांना आणि ते ज्या देशांत व्यवसाय करतात तेथल्या कायद्यांना बांधलेले आहेत. त्यांच्या आडनावाकडे पाहून आपण निश्चिंत राहणे हा आपला भोळेपणा आहे.

स्वदेशी पर्याय आहे का, असे विचारले जाते. सी-डॅकने ‘बॉस’ नावाची मुक्त प्रणाली २००७ पासून उपलब्ध केली. ती सर्वसामान्यांत रुजली नाही, हे मान्य केले पाहिजे. कार्यालयांतली कामे आणि छपाईची जुनी मराठी सॉफ्टवेअरे विंडोजवरच चालत राहिली, मग बॉस घेऊन करायचे काय? तरीही ज्या शाळेत किंवा वाचनालयात संगणकाचा उपयोग टंकन, हिशेब आणि इंटरनेट एवढाच आहे, तेथे जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी एखादी मुक्त प्रणाली बसवून पाहावी. खर्च जवळपास शून्य आहे. गावातला एखादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी अर्ध्या दिवसात ती बसवून देतो.

सभेपूर्वी एका पतसंस्थेच्या सचिवांनी विचारले, की आमच्याकडे विंडोज १० चे चार संगणक आहेत, ते घाईने बदलावेत का? त्यांना सांगितले तेच येथे सांगतो. ज्या संगणकावर पैशाचे व्यवहार होतात, तो दुरुस्त्यांशिवाय इंटरनेटला जोडून ठेवू नये. तेवढा आधी बदला. बाकीचे हिशेबाला वापरता येतील, पण जाळ्यापासून तोडून. दोष आढळला तर तारीख, वेळ, पडद्यावरचा संदेश आणि झालेले नुकसान लिहून कंपनीला कळवा, त्याची प्रत जवळ ठेवा, आणि तालुक्यातल्या इतर पतसंस्थांना तोच दोष आढळत असेल तर सर्वांनी मिळून कळवा. आणि सभासदांच्या नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती दुसऱ्या इमारतीत ठेवा. प्रणालीची नवी आवृत्ती बसवण्याच्या आदल्या दिवशी तर नक्कीच.